हाताला अडलेला नट

“पण नट बसले तर होते ना, महाराज? पाना नीट लागत होता. मग चाक निखळलंच कसं?”

भवानगीर महाराज खाटेवर पडून होते. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. डोळे मिटलेले, पण ते जागे आहेत हे रेवणाला कळत होतं.

घाटमाथ्यावरच्या त्या मठाची एक जुनी जीप होती. आसपासच्या वाड्यांतली आजारी माणसं तिच्यातून खाली तालुक्याच्या दवाखान्यात जायची. जीप रेवण चालवायचा. मठात येण्याआधी त्यानं ट्रक चालवले होते आणि आपल्या मनगटाचा त्याला फार ताठा होता. मी आवळलेला नट दुसऱ्या कोणाच्या बापाला सुटायचा नाही, असं तो चारचौघांत सांगायचा.

मागच्या एका चाकाचे नट गंजून गेले, तेव्हा तो पाना घेऊन दुकानात गेला आणि त्या पान्याला बसतील असे नवे नट घेऊन आला. लावताना ते एकदोन आटे फिरले आणि अडले. रेवणानं पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. करकरत का होईना, नट आत गेले.

घाटाच्या उतारावर ते चाक निखळलं. जीप चरात कलंडली. महाराजांचा पाय मोडला आणि मागं बसलेल्या चंद्राक्काचं मनगट. बिचारी डोळे दाखवायला निघाली होती. त्या दिवसापासून वाडीतलं कोणी जीपकडे फिरकेना. म्हातारी माणसं काठी टेकत घाट उतरू लागली.

रेवणानं आधी दुकानदाराला बोल लावला, मग रस्त्याला, मग हल्लीच्या लोखंडाला.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं.

“अडले होते का?”

“काय?”

“नट. आत जाताना.”



“थोडे अडले होते.”

“मग काय केलंस?”

“जोर लावला.”

महाराजांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

रेवण बाहेर आला आणि जीपपाशी बसला. निखळलेल्या चाकाच्या बोल्टांवर बोट फिरवलं, तर आटे सोलून निघाले होते. लोखंडाची एक चकाकती साल त्याच्या बोटात रुतली.

तालुक्याहून मिस्त्री आला, त्यानं जुने बोल्ट काढून नवे ठोकले. आता नट कुठल्या मापाचे आणू, असं रेवणानं महाराजांना विचारलं. माप विचारत बसू नकोस, जादा राहिलेला बोल्ट खिशात घालून जा, एवढंच त्यांनी सांगितलं.

दुकानात रेवणानं पाना काढलाच नाही. एकेक नट उचलायचा, बोल्टवर नुसत्या बोटांनी फिरवायचा. बाहेरून सगळे सारखेच, सगळ्यांना एकच पाना लागला असता. पण आतले आटे वेगवेगळे. अडला की तो नट बाजूला. दुकानदार वैतागला, एवढा गडी असून जरा दाबून बघ की, म्हणाला. रेवणानं मान हलवली. शेवटी एका खोक्यातला नट असा फिरला, की बोटांना कळलंही नाही… बुडापर्यंत गेला. त्यानं त्याच खोक्यातले नट घेतले, आणि घेतलेला प्रत्येक नट पुन्हा फिरवून पाहिला.

परतताना तो चंद्राक्काच्या दारात थांबला. ती एका हातानं शेंगा निवडत होती. रस्त्याचा दोष नव्हता अक्का, नट अडला होता आणि मी रेटला, असं तो म्हणाला. चंद्राक्कानं सुनेला पाणी द्यायला सांगितलं. ते तो उभ्यानंच प्याला.

मठात येऊन त्यानं चाक चढवलं. नटांची निमुळती बाजू चाकाकडं केली, सगळे आधी बोटांनी बसवले, मग पाना लावला. नळी लावली नाही.

मग आत जाऊन त्यानं जीपची किल्ली महाराजांच्या पायाशी ठेवली. दुसऱ्या कोणाला तरी चालवायला द्या, म्हणाला. पूर्वी पान्याचा आवाज ऐकूनच खात्री व्हायची, आता चारचारदा बघूनही होत नाही.

महाराजांनी किल्लीला हात लावला नाही. अंगणातल्या दोघांना हाक मारली आणि आपल्याला उचलून जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवायला सांगितलं. पाय दाखवायला दवाखान्यात जायचंच होतं.

रेवण निमूटपणे किल्ली उचलून जीपमध्ये बसला. पण किल्ली फिरवण्याआधीच खाली उतरला. नट एकेक करून चाचपले. पुन्हा बसला… पुन्हा उतरला.

समोर घाटाचा उतार दिसत होता.

“महाराज, तुम्ही उतरा. मी आधी रिकामी नेऊन आणतो.”

महाराज हलले नाहीत.

“मला भीती वाटते, महाराज.”

महाराजांनी प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून नीट आत घेतला.

“म्हणून तर बसलोय.”