म्हशीकडं तोंड करून

“एक फोन करायला तुमचं काय झिजतंय, वस्ताद?”

विश्वास साळोखेनं हेच पुन्हा विचारलं. मघाच्याच मोठ्या आवाजात.

त्याला हळू बोलता येत नाही. कोल्हापुरात फुटबॉलची स्पर्धा असली की माईकवर हाच. गोल झाला की याचा आवाज नदीपलीकडं जातो. लोक त्याला भोंगा म्हणतात. तो रागवत नाही, उलट मिशीवर हात फिरवतो.

बापूलाल शिकलगार वस्ताद बॉलमध्ये हवा भरत होते. सायकलचा पंप. खाली, वर. खाली, वर.

वस्ताद एके काळी पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. आता म्हातारपणी पोरींना खेळ शिकवतात. मैदान म्हणजे गावाबाहेर बंद पडलेल्या गुऱ्हाळामागचं रान. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला कडेला बांधलेली गुऱ्हाळवाल्याची म्हैस. पोरांना गावात धड मैदानं आहेत. पोरींना हे. याबद्दल मी लई जणांशी भांडून बघितलं, उपयोग झाला नाही.

वस्तादांच्या हाताखाली मी गोलची जाळी बांधत होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांवर पडलं.

“ऐकताय न्हवं, वस्ताद?”

“सगळं गाव ऐकतंय.”

“मग बोला की काय तरी!”

“तू थांबलास तर बोलीन.”

विश्वास थांबला. पण तोंड उघडंच ठेवलं.

“पोरगी कशापायी परत पाठवली त्यांनी?” वस्तादांनी विचारलं.

भानगड अशी होती. पंधरा वर्षांखालच्या पोरींची देशात एक मोठी लीग असते. पुण्याचा एक संघ तिच्यात खेळतो. त्या संघात घुसलं की पोरगी पुढं जाते, नाही तर इथंच उतारावर पळत लग्नाची होते. विश्वासची पोरगी, राजनंदिनी, तिथं निवड चाचणीला जाऊन परत आली होती. पुढच्या साली वय निघून जाणार. हाय-नाय ते ह्याच साली.

“खेळात खोट न्हाई म्हणाल्या, तुमच्या जयमाला मॅडम,” विश्वास म्हणाला. “दोन्ही पाय चालतात म्हणाल्या. नजर हाय म्हणाल्या. पण...”

“पण?”

“मैदानावर बोलत न्हाई म्हणे.”

पंप थांबला.

“बोलत न्हाई!” विश्वास उसळला. “वस्ताद, तो फुटबॉल हाय का वक्तृत्व स्पर्धा? पोरगी खेळायला घ्यायची का कीर्तनाला हुबी करायची?”

जयमाला म्हणजे वस्तादांचीच चेली. याच उतारावर गुडघे फोडून मोठी झाली. आता पुण्याच्या त्या संघाला शिकवते. विश्वासचा सगळा जीव त्या एका ओळखीवर टांगलेला.

“तिचं काय चुकलं?” वस्ताद म्हणाले. “बॉल जिच्या पायात, तिला मागचं दिसत न्हाई. मागचीनं सांगायचं असतं. माणूस आला, वळ, सोड. एक पोरगी मुकी असली की बाकीच्या आंधळ्या खेळतात.”

“लाजाळू हाय हो ती.”

“बरं.”

“आणि मी हाय की बोलायला!”

वस्तादांनी मान वर केली. त्याच्याकडं बघितलं.

“व्हय,” ते म्हणाले. “तू हाईस.”

पुन्हा पंप सुरू.

विश्वासला यातलं काही लागलं नाही. त्यानं दुसरं टोक धरलं.

“तिकडल्या पोरींना गालिच्यागत मैदान. तीन-तीन कोच. दर आठवड्याला मॅच. आणि आमची पोरगी रात्रभर एसटीत हिंदकळत जाणार, तिला दहा मिनिटं बघणार आणि जा म्हणणार. हा न्याय झाला?”

“न्हाई झाला.”

विश्वास गडबडला. तो भांडायच्या तयारीनं आला होता, आणि समोरच्यानं कबूलच करून टाकलं.

“मग... करा फोन!”

“काय सांगू? पोरगी बोलाय लागली म्हणून?”

“सांगा की. तिथं गेल्यावर बोलंल.”

“कोण? तू?”

“वस्ताद, थट्टा नका करू. तुमचा शब्द ती मोडायची न्हाई.”

“म्हणून तर वापरत न्हाई.”

“अवो पण...”

“तुझं डोकं हाय का गुऱ्हाळाची काईल? तासभर तेच उकळतोयस!”

खरंच तासभर हेच चाललं होतं. माझी जाळी बांधून झाली, सोडून परत बांधली, तरी चाललंच होतं. पोरी येऊन बूट घालून बसल्या. त्यांच्यात नंदूही होती. राजनंदिनीला सगळे नंदूच म्हणतात. उंच, काटकुळी, वेणी घट्ट. बाप आपल्याबद्दल बोलतोय हे ऐकत होती आणि बुटाची नाडी सोडून परत बांधत होती. माझ्यासारखीच.

तिचा खेळ मी रोज बघतो. बॉल पायात आला की ती आधी रेषेकडं बघते. रेषेवर बाप असतो. बाप म्हणतो डावीकडं, ती डावीकडं. बाप म्हणतो मार, ती मारते. आणि बाप बरोबर सांगतो, हे मान्य केलं पाहिजे. त्याला खेळ कळतो. चुकीचं सांगणारा असता तर पोरीनं केव्हाच ऐकायचं सोडलं असतं.

वस्तादांनी पंप खाली ठेवला.

“फोन करतो,” ते म्हणाले.

विश्वासचा चेहरा फुलला.

“पण आदी एक मॅच हुं दे. ती संपस्तोवर तू त्या म्हशीकडं तोंड करून बसायचं.”

“आं?”

“पाठ मैदानाला. तोंड म्हशीला.”

“आणि पोरीला सांगणार कोण?”

“काय सांगायचं ते म्हशीला सांग.”

पोरी फिस्सकन हसल्या. नंदू हसली नाही.

विश्वास आधी तांबडा झाला, मग काळा. माझ्याकडं बघितलं. मी जाळीकडं बघितलं. शेवटी गेला बिचारा. एक दगड ओढला आणि बसला म्हशीसमोर. म्हशीनं रवंथ थांबवला, त्याला नीट बघितलं, परत सुरू केला.

वस्तादांनी शिट्टी दिली.

पहिलाच बॉल नंदूकडं आला. तिनं रेषेकडं बघितलं. बापाची पाठ दिसली. पाठीच्या वरून म्हशीची शिंगं.

तेवढ्यात दुसरीनं बॉल काढून नेला.

परत आला. परत रेषेकडं बघितलं. परत गेला.

“झोपलीस काय गं?” कोणी तरी म्हणालं.

बापानं ते ऐकलं. त्याच्या खांद्यांना कळ लागल्यासारखं झालं. त्याला दिसत काहीच नव्हतं, पण बॉलचा आवाज, पोरींची पावलं, एवढ्यावरून त्याला सगळं समजत होतं. मग त्याच्यानं राहवेना.

“नंदू! मागं माणूस आला! उजवीकडं टाक!”

हे तो म्हशीच्या तोंडावर ओरडला. म्हैस दावं ताणून मागं सरकली.

आणि मैदानात नंदूनं बॉल उजवीकडं टाकला. बरोबर टाकला.

वस्तादांनी कपाळावर हात मारला. उठले. खिशातनं पानाची पुडी काढली, चालत विश्वासपाशी गेले.

“आ कर.”

“वस्ताद, मी पान खात...”

“आ!”

पान कोंबलं. चांगलं मोठं, दोन्ही गाल फुगतील असं.

“तालमीचा नियम ठाऊक हाय न्हवं? मैदानात थुंकायचं न्हाई.”

विश्वासनं मान हलवली. लहानपणी त्या नियमापायी त्यानं वस्तादांच्या थपडा खाल्लेल्या.

वस्ताद परत येऊन बसले.

आता खरंच गप्प झालं. मला तर ते मैदान ओळखीचंच वाटेना. वारा ऐकू यायला लागला, म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू यायला लागली.

नंदूकडं बॉल आला. तिनं रेषेकडं बघितलं. पाठ. मग तिनं वस्तादांकडं बघितलं.

एक शब्द पुरला असता. वस्तादांनी पंप उचलला आणि भरलेल्याच बॉलमध्ये हवा भरायला लागले.

नंदू तशीच उभी राहिली. बॉल गेला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे मी बघितलं. वस्तादांनीही बघितलं असणार. पंप खाली, वर. खाली, वर. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, खोटं कशाला बोलू.

खेळ पुढं गेला. तिच्याच संघातली आस्मा, सगळ्यांत बुटकी, गोलपाशी बॉल घेऊन वळत होती. मागनं समोरच्या संघातली एक दांडगी पोरगी सुसाट येत होती. आस्माला दिसत नव्हती. नंदूला दिसत होती.

नंदूनं तोंड उघडलं.

मिटलं.

परत उघडलं...

“आस्मे! मागं!”

आवाज असा आला, जसं बरीच सालं बंद असलेलं दार कोणी लाथेनं उघडावं. आस्मा दचकून वळली, दांडगी पोरगी रिकामीच पुढं निघून गेली. बॉल वाचला. पण आस्मा बॉल सोडून नंदूकडंच बघत राहिली. सगळ्याच बघत राहिल्या.

“बघतीस काय रताळे, सोड की!” नंदू ओरडली. “हिकडं! माझ्याकडं!”

बॉल आला. नंदूनं रेषेकडं बघितलं नाही.

त्यानंतर ती पोरगी थांबेचना. हिला पुढं काढ, तिला मागं घे, एकीला शाबास, दुसरीला शिवी. घोगरा, मोठा आवाज, नदीपलीकडं जाईल असा. चुकाही केल्या. एकदा भलतीकडंच बॉल मागितला आणि गोल खाल्ला. त्यावरही स्वतःच ओरडली.

म्हैस कान हलवत होती. म्हशीसमोर बसलेला माणूस गुडघ्यावर मूठ आपटत होता. मान तांबडीलाल. त्याला काही तरी भयंकर खटकत होतं, आणि तोंडात पान.

वस्तादांनी शेवटची शिट्टी मारली.

विश्वास उठून गुऱ्हाळाच्या भिंतीपलीकडं पळाला. तिकडं थुंकला, चूळ भरली आणि तावातावानं परत आला.

“खेळली कशी ते मागनं सांगा, वस्ताद! आदी त्या पोरीला आवरा!”

“कुठल्या?”

“ती भसाड्या आवाजाची! सारखी आपली वरडतीया. हिकडं ये, तिकडं जा, सोड, मार! दुसऱ्या कुणाला बोलाय जागा ठेवती का ती? असली एक संघात असली की माझ्या नंदूचं तोंड उघडंल कसं?”

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या.

आस्मा हसायला लागली. शेजारणीनं तिच्या तोंडावर हात दाबला.

“बरोबर बोललास,” वस्ताद म्हणाले.

“मग! कुणाची हाय ती? तिच्या बापाला बलवा, मी सांगतो त्याला दोन शब्द!”

वस्ताद पंपाची नळी गुंडाळायला लागले.

तेवढ्यात नंदू आली. घामानं चिंब. गुऱ्हाळाच्या कट्ट्याला टेकली.

“आस्मे, पाणी दे की गं.”

तोच आवाज. अजून बसलेला, अजून घोगरा.

विश्वासनं मान वळवली. पोरीकडं बघितलं. मग मैदानाकडं, जिथं आता कोणी नव्हतं. परत पोरीकडं.

“नंदू?”

“काय?”

नुसतं काय. पण बापाला असं काय तिनं आजवर कधी म्हटलं नसेल.

विश्वासनं तोंड उघडलं. आतनं काहीच आलं नाही. इतक्या वर्षांत मी भोंगा बंद पडलेला पहिल्यांदा बघितला.

वस्तादांनी सदऱ्याच्या खिशातनं फोन काढला. डोळ्यांपासून लांब धरून बटणं दाबली.

“जयमाला... मी. साळोख्यांची पोरगी परत लावून देतोय रविवारी... व्हय, तीच... न्हाई, मी काय बी सांगत न्हाई. मागच्यागत दहाच मिनिटं बघ तिला. बसली मनात तर घे, न्हाई तर दे परत लावून... हां. जेवलीस का?”

फोन खिशात गेला.

नंदू पाणी प्यायची थांबली होती. वस्ताद तिच्यावर खेकसले.

“माझ्या तोंडाकडं काय बघतीस? रविवार लांब हाय. जा, बॉल गोळा कर.”

ती पळाली. जाता जाता आस्माला हाक मारली. उगीचच, कारण आस्मा शेजारीच होती.

विश्वास उभाच होता. एकदा घसा साफ केला. आणि मग बोलला. इतकं हळू, की मला जाळी सोडून पुढं वाकावं लागलं.

“वस्ताद... मी जाऊ न्हवं, तिच्या संगट?”

वस्तादांनी म्हशीकडं बघितलं. ती आपली खाली मान घालून रवंथ करत होती.

“जा की,” ते म्हणाले. “पण पुण्यात म्हस कुठनं आणशील?”