गोंदाने मोजलेली झुडपं

एका गावात गोंदा नावाचा एक भोळा माणूस होता. जेवढं सांगावं तेवढं करायचा. त्यात काडीची कसर ठेवायचा नाही.

बायको येसू म्हणाली, "बांध साफ करा."

गोंदाने केला. गवत काढलं, बोरी काढल्या, तरवड काढला. बांध तळहातासारखा झाला. बोरीखालचं मुंगूस निघून गेलं. उंदरांनी अर्धा भुईमूग फस्त केला.

"अवं, झुडूप म्हणजे त्या जिवांचं घर!" येसू म्हणाली. "मुंगूस होतं म्हणून उंदीर दबून होते. आता झुडपाला हात लावायचा नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी शेळी ओढ्याकाठच्या बोरीत अडकली. गोंदा समोर बसून राहिला. शेळी ओरडून दमली. येसू धावत आली.

"अवं, सोडवा की तिला!"

"घर आहे ना तिचं?"

"अडकलेला जीव दिसला की पाय धरून बाहेर ओढायचा!"

"बरं."

पहाटे गोंदा टेकडीवर गेला. तरवडामागे दोन पाय दिसले. धरले आणि ओढले. शाळेतले गुरुजी निघाले. टमरेल सांडलं.

गुरुजी कसेबसे सावरत ओरडले, "अरे, आधी विचारावं, आत कोण आहे? आवाज आला तर कोणी आहे. नाही आला तर कोणी नाही!"

"बरं."

त्याच आठवड्यात वनखात्याच्या बाई आल्या. टेकडी साफ करून तिथे बाजार भरवायचं गावाने ठरवलं होतं. बाई म्हणाल्या, "झुडपांत जीव राहत असतील तर हे काम मी थांबवते. गोंदा, बघून ये. जिथे जे राहतं, तिथे त्याच्या नावाची पाटी लाव."

येसू काकुळतीला आली. "नीट बघा हं. झुडपं गेली तर पुढचाही भुईमूग गेला."

गोंदा पहाटेच निघाला. प्रत्येक झुडपापुढे उभं राहून ओरडला, "आत कोण आहे?"

ससे कान पाडून गप्प बसले. तित्तरं पिलांवर पंख पसरून गप्प बसली. मुंगूस हललंसुद्धा नाही. गोंदा पुढे गेला.

शेवटच्या झुडपातून घाईघाईने आवाज आला, "मी आहे, मी! पोलीस पाटील!"

"इथेच असता?"

"रोज इथेच! जा की मर्दा पुढं!"

दहा वाजता बाई आणि सगळा गाव टेकडीवर चढला. अख्ख्या टेकडीवर एकच पाटी होती: 'इथे पोलीस पाटील राहतात. झुडूप तोडू नये.'

गाव असा काही हसला, की झुडपाझुडपातून ससे पळाले, तित्तरं भर्रकन उडाली. बाईंनी सगळी वहीत टिपून घेतली. "बाजार दुसरीकडे भरवा," त्या म्हणाल्या. "झुडपं राहतील."

येसूचा जीव भांड्यात पडला. गोंदाचा चेहरा मात्र पडलेलाच.

"बाई, ससे पुष्कळ आहेत हो," तो म्हणाला. "पाटलांचं काहीतरी बघा. ते एकच उरलेत."