सगळ्यांची एकच किल्ली

एका नगरात संगणकावरचे खेळ तयार करणारी एक कंपनी होती. लोक तिला खेळघर म्हणत. तिथली माणसं सहा वर्षं एकाच खेळावर राबत होती. समुद्रात बुडालेला किल्ला आणि त्यात वाट शोधत जाणारे सवंगडी, असा तो खेळ. खेळ आतून कसा चालतो हे ठरवणाऱ्या लाखो ओळी, म्हणजे त्याचा सोर्स कोड, कडेकोट बंदोबस्तात ठेवलेला असे. तो बंदोबस्त विशाखाकडे होता.

तिनं प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला होता. कोड किंवा खेळ उघडायचा तर फोनवर आलेला आकडाही घालावा लागे. लोक कुरकुरत, पण पाळत.

एकदा खेळघराचे मालक शेजारच्या नगरात बड्या पाहुण्यांना खेळ दाखवायला गेले आणि फोन घरीच विसरले. भर बैठकीत खेळ उघडेना. पाहुणे चहा पिऊन उठून गेले. मालक परतले ते तणतणतच. त्यांनी विशाखाला बोलावून फर्मावलं, की फोनवरचा आकडा आजपासून बंद, आणि सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, बाहेरून काम करणाऱ्यांनाही तोच.

विशाखानं परोपरीनं समजावलं. सगळ्यांची किल्ली एक झाली तर आत कोण आलं नि काय घेऊन गेलं, हे कधीच कळणार नाही, असं ती म्हणाली.

"माझ्याच घरात शिरायला मी तुमची परवानगी मागू?" मालकांनी विचारलं. "सांगितलंय तेवढं करा."

तिनं केलं. मनाला मात्र टोचणी लागून राहिली.

पुढे व्हायचं तेच झालं. दूर कुठेतरी बसलेल्या एका चोरानं खेळघराच्या पानासारखं हुबेहूब बनावट पान तयार करून सगळ्यांना पाठवलं. कुणीतरी त्यावर तो पासवर्ड लिहिला. एका रविवारी चोर सरळ आत शिरला, सगळा कोड उचलला आणि जगभर उधळला. फुकट मिळतंय म्हणून लोकांनी तो हौसेनं उतरवून घेतला. त्यामागे कुणाची किती वर्षं गेली, याची कुणाला पर्वा? लबाडांनी त्या ओळी वाचून खेळातल्या भिंतींपलीकडचं पाहण्याच्या युक्त्या काढल्या. खेळ नुकताच लोकांना चाचणीसाठी दिलेला होता. त्यात सरळपणे खेळणारी मुलं डाव मांडायच्या आधीच हरू लागली. त्यांचे आईबाप संतापून खेळघराच्या अंगणात जमले.

मालकांना कुणावर तरी खापर फोडायचंच होतं. त्यांना यदुनाथ सापडला.

यदुनाथ खेळातले आवाज तयार करी. रविवारी खेळघरात सामसूम असते म्हणून तो मुद्दाम सुट्टीच्या दिवशी येई. त्या रविवारीही तो एकटाच आत होता. तांब्याच्या घंगाळात पाणी हेलकावून बुडालेल्या किल्ल्याचा आवाज टिपत होता. एवढाच त्याचा गुन्हा.

आईबापांसमोर अंगणातच सभा घ्यायचं ठरलं. तिच्याआधी मालकांनी विशाखाला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"यदुनाथचं नाव घ्या," ते म्हणाले. "मग हवा तसा बंदोबस्त करा. फोनचा आकडा आणा, वेगळे पासवर्ड आणा. मी आड येणार नाही."

हेच तर विशाखा मागत आली होती. एका नावाच्या बदल्यात सगळं घर सुरक्षित होणार होतं. तिनं खिडकीतून पाहिलं. यदुनाथ अंगणात उभा होता. रोज त्याच्या डब्यातली भाजी वाटून खाणारे सोबती त्याच्यापासून चार हात लांब सरकले होते. ते पाहून विशाखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सभेत मालकांनी यदुनाथला चोर म्हटलं आणि विशाखाकडे बोट केलं. ती उठली.

"चोर कुणाच्या चुकीमुळे आत आला, हे मला माहीत नाही," ती म्हणाली. "कुणालाच कळणार नाही. किल्ली एकच होती आणि ती प्रत्येकाच्या हातात होती, मालकांच्याही. हुकूम त्यांचा होता आणि तो अमलात मी आणला. जाब आम्हा दोघांना विचारा. या माणसानं काय केलंय?"

मालकांनी तिला आणि यदुनाथला तिथल्या तिथे कामावरून काढलं. पण आईबाप हलले नाहीत. हुकूम देताना हजर असलेली माणसं एकेक करून पुढे आली आणि विशाखाचं बोलणं खरं असल्याचं सांगू लागली. अखेर खेळघरात पैसा घातलेल्या भागीदारांनी मालकांनाच पायउतार व्हायला लावलं आणि विशाखाला परत बोलावलं. चोरीला गेलेलं मात्र परत आलं नाही. निम्मा खेळ नव्यानं लिहावा लागला आणि खेळघराची माणसं त्यात पार पिचून गेली.

यदुनाथलाही बोलावणं गेलं. त्यानं एकच अट घातली, की जिथे चोर म्हटलं तिथेच माफी मागा, तेवढ्याच माणसांसमोर. भागीदारांनी अंगणात पुन्हा सभा बोलावून माफी मागितली. मालक आले नाहीत. यदुनाथचे सोबती आले, खाली मान घालून उभे राहिले. यदुनाथनं सगळं ऐकून घेतलं आणि कामाला लागला. त्या दिवसापासून तो डबा एकटाच खाऊ लागला.

तात्पर्य: ज्याच्या हुकुमानं दार उघडं राहिलं, चोरीचा जाब त्यालाच द्यावा लागतो, दुसऱ्याला चोर ठरवून घर सुरक्षित होत नाही, ते आणखी पोखरलं जातं.