अंजनकाला मिळालेले अग्नीचे वरदान

त्रेतायुग नुकतेच सुरू झाले होते आणि देव अजून मनुष्याच्या हाकेला प्रत्यक्ष येत असत, त्या काळी तापीच्या उत्तर तीरावर विश्रुता नावाची तपस्विनी राहत होती. तिच्या आश्रमाभोवती साग, खैर, पळस आणि वेळू यांचे घनदाट अरण्य पसरले होते. त्यातले कित्येक वृक्ष तिने स्वतः बी पेरून, भर उन्हाळ्यात नदीवरून घागरी वाहून वाढवले होते. तिला मूलबाळ नव्हते. सारी माया त्या झाडांवरच होती.

एका वैशाखात ती पर्वस्नानासाठी संगमावर गेली असता वेळूवर वेळू घासून ठिणगी पडली, वाऱ्याने ती फुलवली आणि सप्तजिव्ह अग्नी अरण्यात शिरला. विश्रुता परतली तेव्हा हरणे नदी ओलांडून गेली होती, पाखरे परागंदा झाली होती आणि पर्णकुटीच्या जागी राख धुमसत होती. कोळसा झालेल्या एका सागावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने कमंडलूतले जल ओंजळीत घेऊन अग्नीला पाचारण केले.

तिच्या तपोबलापुढे अग्नीचा निरुपाय झाला. तो मस्तक लववून समोर उभा राहिला. भूक हा आपला स्वभाव आहे, तरी दोष आपलाच आहे, असे त्याने कबूल केले. पण विश्रुतेचा क्रोध त्याने शमला नाही.

"हुताशना, ज्या मुखाने तू माझी लेकरे खाल्लीस, ते मुख यापुढे कोणत्याही वेदीवर, कोणत्याही चुलीत..."

शाप पूर्ण होणार, तोच तिच्या पायाशी काहीतरी हलले. काजळासारखा काळा, तकतकीत असा एक चिमुकला भुंगेरा तापल्या राखेवरून चालला होता. बिचारा होरपळून मरेल, या एकाच विचाराने विश्रुता खाली वाकली आणि शापासाठी घेतलेले ओंजळभर जल तिने त्याच्या वाटेवर ओतले.

भुंगेरा ओल्या जागेला वळसा घालून पुन्हा उबदार राखेत गेला.

विश्रुतेने विस्मयाने त्याला कारण विचारले, तेव्हा तपस्विनीच्या स्पर्शाने पावन झालेल्या त्या जलाचे जे थेंब त्याच्या अंगावर उडाले होते, त्यांच्या प्रभावाने त्याला वाचा फुटली. त्याने आपले नाव अंजनक असल्याचे सांगितले. दाट अरण्यात मुंग्यांनी त्याच्या कुळाला एकाही फटीत टिकू दिले नव्हते. त्यांची अंडीसुद्धा मुंग्या ओढून नेत. दूरवरून धुराचा वास आला, तेव्हा जिवावर उदार होऊन तो इकडे उडत आला, आणि जळालेल्या सालीखाली त्याला आयुष्यात प्रथमच पोटभर अन्न आणि निवांत जागा मिळाली.

"माते, तुमच्या दुःखाच्या जागी मी सुखी आहे, याची मला लाज वाटते. तुम्ही सांगाल तर मी निघून जाईन," अंजनक म्हणाला.

विश्रुतेचे डोळे भरून आले. जिथे आपले सर्वस्व संपले असे ती समजत होती, तिथे कुणाचा तरी संसार मांडला जात होता. ती अग्नीकडे वळली.

"देवा, शापाचे जल सांडले; आता ते मी पुन्हा उचलणार नाही. पण भरपाई दे. याच्या कुळाला तुझ्या राखेत घर मिळू दे."

"तथास्तु," अग्नी म्हणाला. "माझा धूर याच्या कुळाला दुरूनही कळेल, माझी ऊब त्याला बाधणार नाही, आणि हिरवळ परतेपर्यंत त्या भूमीवर त्याचेच राज्य राहील."

अग्नी अंतर्धान पावला. विश्रुतेने नवी पर्णकुटी तिथेच बांधली. सकाळी जपाला बसली की सालींखालून अंजनकाची पिले बाहेर पडत, आणि त्यांची लगबग पाहताना तिचा जप बरेचदा राहून जाई; तिला त्याचे वाईट वाटत नसे. पाऊस झाला, पळसाच्या मुळांतून धुमारे फुटले, गवताने राख झाकली, तेव्हा एके दिवशी ते सारे कुळ दुसऱ्या धुराच्या शोधात उडून गेले.

तेव्हापासून अरण्याला वणवा लागला की वाघापासून सशापर्यंत सारे जीव त्याच्याकडे पाठ फिरवून पळतात, आणि अंजनकाचे वंशज मात्र आनंदाने त्याच्याच दिशेने घरी निघतात.