उपड्या वाटीतलं पाणी

उंबरगडच्या भैरोजीराजांच्या डोक्यावर एक बट होती, आणि ती कुणाच्या बापाला ऐकत नव्हती. मंदील उतरवला की ताठ उभी. तेलानं बसायची, पण तेल जरीच्या मंदिलाला लागायचं आणि मग राणीसाहेब तीन दिवस बोलायच्या नाहीत. शेवटी राजांनी गोंदाजी न्हाव्याला फर्मावलं, की केसांना लावायला नुसत्या पाण्याचा लेप कर. तेल, तूप, मेण काही नको. आणि घट्ट इतका हवा, की वाटी उपडी केली तरी थेंब सांडता कामा नये. आठ दिवसांत झाला नाही, तर गोंदाजीच्या मिशा भादरून त्याला वेशीबाहेर घालवायचं.

तीस वर्षं गोंदाजीनं दुनियेच्या मिशा उतरवल्या होत्या, स्वतःच्या तेवढ्या जिवापाड राखल्या होत्या. बिचाऱ्यानं मेथ्या भिजवल्या, भेंडी उकडली, डिंक विरघळवला. वाटी उपडी केली की सगळं पायावर. सातव्या दिवशी घरातलं मांजरसुद्धा बुळबुळीत झालं होतं.

त्या दिवशी त्याची लेक येसू शेळ्या चारून आली ती ओटीत वासनवेलीचा पाला घेऊनच. गुराखी पोरं हा पाला डबक्यात कुस्करतात आणि पाणी गोठवतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं पाला गार पाण्यात चोळला, फडक्यातून गाळला आणि वाटी बाजूला ठेवून भाकऱ्या थापायला बसली. चार भाकऱ्या झाल्या आणि वाटीतलं पाणी हिरवंगार थिजलं. गोंदाजीनं वाटी उपडी धरली, मिशीवरून हात फिरवला आणि सात दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

पण बापलेक वाटी घेऊन दरबारात गेले, तेव्हा राजे म्हणाले, घरून आणलेलं चालायचं नाही, माझ्यासमोर कर.

आता भैरोजीराजांची एक खोड सांगायला हवी. त्यांना कशालाही बोट लावून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. वाड्यात भिंत रंगवली की वाळायच्या आत तिच्यावर राजांचं बोट उमटलेलं असायचं. मुदपाकखान्यात विरजणाच्या गाडग्याला कुलूप होतं, ते मांजरासाठी नव्हे.

येसूनं तिथंच पाला चोळून लेप वाटीत गाळला. राजे पुढे वाकले, "झालं का?" म्हणत त्यांनी बोट बुडवलं आणि ढवळलं. पाणी ते पाणीच राहिलं. दुसऱ्या खेपेला येसूनं हात जोडून सांगितलं, की जरा शिवू नये. राजांनी विचारलं, आमचा हात अडवणारी तू कोण? आणि पुन्हा बोट! वाटीत नुसत्या गुठळ्या उरल्या. राजांनी वस्तरा मागवला.

"सरकार, एकच संधी द्या," येसू म्हणाली. "आमच्यात रीत आहे. लेप ज्याच्या डोक्याला लागायचा, त्याच्याच तळहातांवर तो थिजवायचा. एक वाटी बटेसाठी, एक उपडी करून बघायला."

ही रीत गोंदाजी जन्मात पहिल्यांदाच ऐकत होता, पण त्यानं जोरजोरात मान डोलावली.

येसूनं राजांच्या मांडीवर त्यांचा जरीचा मंदील ठेवला आणि दोन्ही तळव्यांवर एकेक चांदीची वाटी, काठोकाठ भरलेली. राजांनी एकदा मंदिलाकडे पाहिलं, एकदा पडद्याआडच्या राणीसाहेबांकडे, आणि श्वाससुद्धा बेतानं घ्यायला लागले. नाकावर माशी बसली. राजांनी डोळे तिरळे करून तिच्याकडे पाहिलं, पण हात हलवला नाही. माशी सावकाश कपाळापर्यंत फिरून गेली. दरबारात कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना मिशा होत्या.

अर्ध्या घटकेनं येसूनं एक वाटी उचलून मंदिलावरच उपडी केली. राणीसाहेबांनी डोळे मिटले. थेंबही सांडला नाही! दुसऱ्या वाटीतला लेप गोंदाजीनं बटेवर चोळला आणि बट गपगार आडवी झाली.

राजांनी विचारलं, "पोरी, आधी दोनदा का जमलं नाही?"

"सरकार, पाणी तेच, पाला तोच," येसू म्हणाली. "या खेपेला फक्त आपले दोन्ही हात कामात होते."

गोंदाजीनं हातानं मिशी झाकली. राजांनी येसूकडे पाहिलं, मग समोरच्या नव्या पिवळ्या भिंतीकडे, जिच्या मधोमध त्यांचंच बोट उमटलं होतं. आणि ते असे हसले, की पडद्याआडून राणीसाहेबही हसल्या. दोन्ही चांदीच्या वाट्या येसूला मिळाल्या आणि वासनवेलीचा सगळा माळ तिच्या शेळ्यांना कायमचा.

हसताना राजांचं पोट हाललं, सिंहासन हाललं. बट तेवढी हालली नाही. खरंच बसली आहे ना, म्हणून राजांनी हळूच बोट लावून पाहिलं.