बाहेर धाव घेणारा शब्द

एकदा एक वृद्ध कीर्तनकार आपल्या शिष्यासह नदीकाठच्या गावी कीर्तनास गेले. शिष्य कॉलेजात शिकलेला होता आणि कीर्तनात पेटीची साथ करी. त्या दिवशी त्याचे मन जड होते. देवळाच्या पंचांनी त्याला बाजूला घेऊन विचारले होते, की बुवा हल्ली बोलता बोलता भलतीकडे जातात, त्यांची स्मृती तर क्षीण होत नाही ना? तसे असेल तर रामनवमीला तूच उभा राहा. कीर्तन संपताच त्याला उत्तर द्यायचे होते.

आख्यान श्रावणबाळाचे होते. राजा झाडाआड धनुष्य घेऊन बसला, श्रावण घडा घेऊन नदीत उतरला, मंडप स्तब्ध झाला, आणि बुवा थांबले. थांबून ते मडकी पारखण्याविषयी सांगू लागले. टिचकी मारल्यावर पक्के मडके कसे वाजते, कच्चे कसे, हे त्यांनी सविस्तर ऐकवले. मग म्हणाले, एक बाई कुंभाराची सारी मडकी वाजवून रिकाम्या हातांनी निघाली, तेव्हा कुंभार म्हणाला, "वहिनी, वाजवून झालं, आता एखादं पद म्हणूनच जा."

लोक हसले. शिष्याने हळूच पुढची ओळ सुचवली, पण बुवांनी तिकडे लक्ष दिले नाही. पंच एकमेकांकडे पाहू लागले. मग केव्हातरी बुवांनी श्रावणाच्या हातातले मडके पाण्यात बुडवले, त्याचा बुडबुड आवाज काढला, आणि त्या आवाजावर राजाचा बाण सुटला.

कीर्तनानंतर बुवा पगडी उतरवून दूध घेत बसले होते. विषय कसा काढावा हे शिष्याला सुचेना. शेवटी तो म्हणाला, की मूळ विषय सोडून असे बोलण्याला इंग्रजीत एक भारदस्त शब्द आहे, एक्स्कर्सस.

"म्हणजे म्हातारचळ का रे?" बुवांनी विचारले.

शिष्य ओशाळला. मग त्याने अर्थ सांगितला. बाहेर धाव घेणे, हे त्या शब्दाचे मूळ. ग्रंथकार चालू विवेचन थांबवून एखाद्या मुद्द्याचा स्वतंत्रपणे, सविस्तर विचार करतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो, तेव्हा तो शब्द वापरतात.

"वळतो ना? मग शब्द चांगला आहे. नुसत्या भरकटण्याला तो लावू नकोस." बुवांनी पेला खाली ठेवला. "खांबाशी एक व्यापारी बसला होता, पाहिलास? त्याचा मुलगा याच नदीत बुडून गेला. आज तो प्रथमच चार माणसांत आला होता. श्रावण पाण्यात उतरला तेव्हा त्याने खांब घट्ट धरला. तसाच बाण सोडला असता, तर तो उठून गेला असता आणि पुन्हा आला नसता. कथा बदलणे माझ्या हाती नव्हते, पण त्याला श्वास घ्यायला अवधी देणे होते. कुंभाराच्या बोलण्यावर तो हसला. मग मी परत आलो. ग्रंथकार मुद्द्यासाठी बाहेर धावतो, आपण माणसासाठी धावावे."

शिष्याचे मन हलके झाले. तो उठून पायरीवर थांबलेल्या पंचांकडे गेला आणि म्हणाला, "रामनवमीला बुवाच उभे राहतील. मी पेटीला असेन."

वळणाऱ्याला वाट चुकलेला म्हणण्याआधी, तो कोणासाठी वळला हे पाहावे.