शेवटच्या पानाची चव

फार वर्षांपूर्वी एका वाचनालयात एक कसर राहायची. "चाळीस कादंबऱ्या पचवल्यात मी," असं ती ऐटीत सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती आरपार भोक पाडत जायची.

भिंतीवरची पाल मात्र रोज दुपारी तिथे वाचायला येणाऱ्या पोंक्षेबाईंच्या खांद्यामागून त्यांच्याबरोबर दहाच पानं वाचायची. एकदा तिनं विचारलं, "कसरबाई, ती होडीवाल्याची मुलगी पैलतीराला पोचते का गं?"

"कसली मुलगी? त्या पुस्तकाची खळ तेवढी चविष्ट होती," कसर म्हणाली. पण तिला चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी ती जीव मुठीत धरून पालीशेजारी येऊन बसली. वाचता वाचता दोघी इतक्या रंगल्या, की पाल तिला खायचंच विसरली.

अखेर वादळात मुलीनं होडी लोटली. बाईंनी पान उलटलं. आतापर्यंत समासातून आलेलं भोक इथे नेमकं शेवटच्या ओळींवरून गेलं होतं.

पालीनं कसरीकडे पाहिलं. कसरीनं मान खाली घातली.

बाईंनी पुन्हा पहिलं पान काढलं. कसर हळूच पुढे सरकली. तेव्हापासून ती नुसत्या पुठ्ठ्यांवर भागवू लागली.